बेपर्वा म्हणतात तुले

नसीम, तुह्या चाळीसाव्याची बिर्याणी मी खाल्ली नाई. तुह्या अम्मीनं ताट पुढं केलं तं म्हटलं, पोटात दुखते. खोटं बोलली. पोटात काही दुखत नव्हतं, डोक्यात जाळ होता. अंगणात कनात लावून लोकं जेवत होते. कोणी म्हणे किती हसरी पोरगी होती, कोणी म्हणे काय डोकं होतं तिचं. तुहे अब्बा दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात हातात घेत होते. अन् मी जिन्याखाली बसून तुले मनातल्या मनात शिव्या घालत होती. मयताच्या घरी मोठ्यानं देता येत नाई म्हणून मनातल्या मनात. नाई तं माहं तोंड तुले माहीत आहे.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्याले पाळाचं त्यानं पाळावं. मी भांडाले बसली आहे. चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आपण दोघीच पोरी, अन् त्या दोघीही एका सोल्डरिंग आयर्नसाठी एकमेकीच्या झिंज्या धरणाऱ्या. तेव्हापासून आतापर्यंत आपलं एकही भांडण पूर्ण झालं नाई. दर खेपेस तू मधातच हसून द्यायची अन् म्हणायची, "चाल, चहा पिऊ." आता हसाले तू नाई. मंग आता मी पुरं बोलून घेते.

तू गेल्यावर काय झालं ते आधी आईक. श्रावणात तलाव भरून वाहिला, आपण बसवलेला भोंगा वाजला नाई, अन् जिच्या पडवीत आपण राह्यलो त्या सोनाबाईच्या गावचं नुकतं रोवलेलं धान वाहून गेलं. आपल्या ऑफिसच्या साहेबानं अहवाल लिहिला. भोंगा काऊन वाजला नाई? तं म्हणे, दिवंगत तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे. दिवंगत तंत्रज्ञ म्हणजे तू. चाळीसाव्याच्या आदल्या दिवशी मले ते समजलं. मी केबिनमध्ये गेली अन् टेबलावर हात आपटला. साहेब नागपूरचा माणूस, आवाज कधी चढवत नाई. म्हणाला, "हे बघा वंदना, जी मुलगी स्वतःच्या अंगातल्या तापाकडे लक्ष देत नाही, ती यंत्राकडे काय देणार? बेपर्वा होती हो ती. तुम्हीच तर म्हणायच्या."

हो, मीच म्हणायची.  यंत्राबद्दल त्याले द्याले माह्यापाशी उत्तर होतं. तापाबद्दल नव्हतं. तापाबद्दल मी स्वतः तुले बेपर्वा म्हणत होती, तुह्या मातीवरून आली तेव्हापासून रोज म्हणत होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा तो माणूस, अन् त्याच्या तोंडात माहाच शब्द. यापरीस मोठी चीड नाई पोरी.

तं पहिले यंत्राचं बोलू.

घुग्घुसची आठवण आहे? सिमेंटच्या कारखान्याबाहेर धूळ मोजाचे डबे बसवले होते आपण. डबे झाडायवर, अन् नोंद ठेवणारा लॉगर चौकीदाराच्या खोलीत. मधात रस्ता. ट्रकवाल्यायनं आपली वायर इतक्या खेपा तोडली का शेवटी चौकीदारच जोडाले शिकला. मी म्हणत होती, देवा, बिनवायरीचं काही निघालं तं पेढे वाटीन. तू तोंडाले दुपट्टा बांधून रस्त्याच्या मधात उभी. म्हणाली, "वायरीचं बरं असते वंदी. तुटली तं दिसते. हवेत तुटलं तं कुठी पाहाचं?"

अन् मंग हे तलावाचं काम आलं. कुरखेड्याच्या पुढं, जंगलाले टेकलेलं गाव, जुन्या मालगुजाराच्या काळातला मामा तलाव. तलावाच्या मातीच्या बांधाले, पाळीले, भेग होती. पाणी एका हद्दीच्या वर चढलं का गावाले आधी समजलं पाहिजे, म्हणजे तुडुमाचं तोंड उघडून पाणी सोडता येईन. एक सेन्सर तुडुमापाशी, एक सांडव्यापाशी, एक पावसाचा, तिन्ही बिनवायरीचे. लॉगर समाजमंदिराच्या खोलीत, अन् त्याच्यावर भोंगा. मी नाचली. माह्याच मुलखातलं काम, माह्या बापाच्या धानापासून सायकलनं जाण्यासारखं. तू पिशवीत बिस्कुटं भरली अन् म्हणाली, "चाल, तुहं सासर दाखव." लगन माहं झालंच नव्हतं, पण तू आपली प्रत्येक गावाले माहं सासर म्हणायची.

मे महिना होता. गावातली अर्धी माणसं तेंदूपत्त्याले जंगलात. पाळीच्या खाली सोनाबाईचं घर, आपला मुक्काम तिच्याच पडवीत. पहिल्या दिवशी तिनं तुले इचारलं, "कोण्या जातीची वं तू, बाई?" तू म्हणाली, "वायरमन." ती इतकी हसली का तिचा पदर चुलीत जाता जाता राह्यला. तिथून पुढं सोनाबाई तुही झाली. माह्या गावाजवळची बाई, माह्या बोलीची, अन् भाकर पहिले तुले वाढायची. मले त्याचाही राग यायचा, सांगून ठेवते.

गावच्या लोकायले तू लॉगर समजावून सांगितला तो दिवस मी इसरणार नाई. साहेबानं आणलेलं चित्र बाजूले ठेवलं अन् म्हणाली, "हा पेटीतला आपला कोतवाल. घरोघरी जाते, हाक मारते. तुडुमवाली, पाणी किती? ती ओ देते, इतकं. सांडव्यावाली, तुह्यापाशी किती? ती सांगते, इतकं. कोतवाल ध्यानात ठेवते. कोणाचं पाणी लय झालं का बोंब मारते." एक म्हातारा म्हणाला, "मंग आमच्या कोतवालापरीस बरा आहे. तो तं बोलावल्याबिगर घरातून निघत नाई."

पण पहिल्या दिवशी पेटीतला कोतवालही निघाला नाई. आकडे असे येऊन राह्यले होते का तलावात पाणी आभाळाएवढं आहे. दुपारभर मी अँटेना फिरवली, तू जोडण्या उकलल्या. मंग तुह्या ध्यानात आलं का कारखान्यातून दोन सेन्सर एकाच नंबरचे आले. कोतवाल एकीले हाक मारते अन् दोघी एकदम बोलतात. "आमच्या मोहल्ल्यात शबाना म्हणून हाक मार," तू म्हणाली, "अन् पाह्य किती खिडक्या उघडतात." एकीच्या पोटातल्या बारक्या खिट्ट्या सुईनं सरकवून तू तिले नवा नंबर दिला, अन् आभाळाएवढं पाणी तळाशी बसलं.

तरी एक खोट राह्यलीच. मधून मधून सांडव्यावाली ओ देत नव्हती. नंबर बरोबर, बॅटरी भरलेली, अन् तरी चूप. मी म्हटलं, वापस पाठवू.  दिवे लागणीच्या वेळेस आपण पडवीत बसलो होतो. बाहेरून कोणीतरी हाक मारली, "सोनाबाई वं!" सोनाबाई समोर बसून तांदूळ पाखडून राह्यली, पण हूं का चूं नाई. दुसरी हाक आली. ती चूपच. तिसरी हाक आली तेव्हा म्हणाली, "ओ, या ना!" शेजारची बाई मीठ मांगाले आली होती. तू इचारलं, "काऊन वं सोनाबाई, पहिलेच ओ काऊन नाई दिली?" ती म्हणाली, "दिवस बुडल्यावर पहिल्या हाकेले ओ देत नाईत, बाई. कोणाची हाक आहे कोणाले माहीत. माणूस असन तं तिसऱ्यांदा मारीनच."

तू माह्याकडं पाह्यलं. म्हणाली, "अम्मीबी हेच सांगते." अन् मंग एकदम मांडीवर हात मारला, "अवं, ही सांडव्यावाली इथल्या झाडीपट्टीचीच आहे!"

सेन्सर झोपलेला असते, बॅटरी वाचवाले. पहिल्या हाकेनं तो जागा होते. जागा होऊन बोलेपर्यंत कोतवाल पुढच्या घरी निघून गेलेला असते. आपली पेटी एकच हाक मारत होती, कारण कंपनीनं तशीच पाठवली होती. तू तिथीच चुलीच्या उजेडात बसून ठरवलं का तीन हाका मारवायच्या. अन् वर म्हणाली, "आता साग उघडा आहे, म्हणून इतकं तरी आईकू येते. पावसात सागाले पाला फुटला का या मधातून आवाज जाईन का नाई, ते पाहाले मले आषाढात या लागन."

आपलं शेवटचं मोठं भांडण तिथीच लागलं. मी म्हटलं, तीन हाका मारल्या तं बॅटरी बसन. पावसात आठ-आठ दिवस ऊन नाई, एवढ्याशा सोलर प्लेटीनं किती भरन? तू म्हणाली, बॅटरी बसली तं बदलू, गाव बसलं तं काय बदलशीन? मी म्हटलं, मोठी आली गाव वाचवणारी, बॅटरी बसल्यावर तुहा कोतवाल तीन काय, अर्धी हाक नाई मारणार. तू म्हणाली, मले नको शिकवू. मी म्हटलं, शिकवल्याबिगर येत नाई तुले काही. सोनाबाई मधात पडली, "अवं, दोघी सवती आहा का वं?" तू हसली. झालं. तीन हाका राह्यल्या, भांडण तसंच राह्यलं.

आता तुले सांगते, तू नाई तरी सांगते. तुहं बरोबर होतं, पण पुरं नाई. आषाढात बॅटरी खरंच उतरत होती. प्लेट मोठी पाहिजे होती. तू असती तं मी तुह्या नाकावर टिच्चून सांगितलं असतं अन् मंग आपण दोघींनी मिळून मोठी प्लेट मांगितली असती. साहेबानं काय केलं? तुह्या मातीनंतर आठवड्यात तो तिथी गेला, बॅटरी उतरलेली पाह्यली, अन् कोणाले न इचारता तीनाची एक हाक करून टाकली. वरून असं लावून ठेवलं का ओ आली नाई तं मागचाच आकडा धराचा. उंटावरचा शहाणा. श्रावणातल्या त्या पावसात सागाचा पाला दाट झालेला, सांडव्यावाली झोपलेली, कोतवालानं एक हाक मारली अन् मागचाच आकडा घेऊन पुढं गेला. पाणी पाळीवरून चाललं अन् पेटी म्हणते सगळं ठीक आहे. भोंगा वाजन कुठून?

हे झालं यंत्राचं. याच्यात बेपर्वा कोण, हे शाळेतल्या लेकरालेही समजन.

पण तापाचं काय, नसीम?

आषाढात तू एकटी गेली. मले दुसऱ्या कामावर ठेवलं होतं. तू दुकानातल्या फोनवरून बोलली. आवाज आधीच बसलेला. म्हणाली, "पाल्यातून आवाज येते वंदी, तिसऱ्या हाकेले, पण येते. मी सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, ते जाऊ दे, तुहा आवाज काऊन असा येऊन राह्यला? म्हणे, "काही नाई गं, अंग कसकस करून राह्यलं थोडंसं." थोडंसं! माहं डोकं फिरलं. मी त्या मुलखातली आहे. माह्या घरातले दोन माणसं या तापानं नेले. मी फोनवर ओरडली, रक्त तपासून घे, आजच्या आज घे, मलेरियावाला भाऊ गावात येते, त्याले बोट दे. अन् तू? तुहं ते ठरलेलं, "हो माय, हो. किती कटकट करते. चाल, पैसे संपून राह्यले," अन् फोन ठेवला.

त्या "हो माय, हो"चा अर्थ मले माहीत होता. पॉलिटेक्निकात जेवली का इचारलं तरी तू तेच म्हणायची अन् उपाशी राह्यची. घुग्घुसले मास्क लाव म्हटलं तरी तेच, अन् मंग रात्रभर खोकायची. मले वाटलं, यावेळेसही तेच. मंग दोन दिवसांनी सोनाबाईच्या पोरानं फोन केला का ताईले जीपमध्ये टाकून मोठ्या दवाखान्यात नेऊन राह्यले, ती कोणाले ओळखत नाई. मी बसस्टँडवर उभी होती तेव्हा दुसरा फोन आला. दवाखान्याच्या फाटकातही पोहोचली नाई तू. डॉक्टर म्हणाला, ताप मेंदूत चढला, आधी आणलं असतं तं.

आधी आणलं असतं तं. हे वाक्य घेऊन मी चाळीस दिवस फिरली. अम्मीही फिरली. तुही अम्मी रडत कमी होती, रागावत जास्त होती. जो भेटाले येईन त्याले म्हणे, "मेरी सुनी कभी उसने? लाख बार बोली, बुखार को हलका मत समझ. किसी की नहीं सुनी." मी तिच्याजवळ बसून मान हालवत होती. आम्ही दोघी मिळून तुह्यावर रागावत होतो, अन् खरं सांगू, त्यानंच आम्हाले उभं ठेवलं. रडली असती तं पडली असती मी.

चाळीसाव्यानंतर मी साहेबाले म्हटलं, तलावावर चला. लोकायसमोर पाहू काय बिघडलं होतं. तो आला, त्याले वाटलं बाई थंड होईन. समाजमंदिरापुढं गाव जमलं. मी पेटी उघडली, म्हटलं, हे पाहा, एक हाक. अन् त्या सांडव्यावालीनं, सटवीनं, पहिल्याच हाकेले ओ दिली! साहेबानं माह्याकडं पाह्यलं.  परत हाक मारली. चूप. परत, चूप. मंग मी तीनवर केलं, तं दर खेपेस ओ. त्याच्यातही एकदा बॅटरीचा लाल दिवा लागला, अन् मी तोही लपवला नाई, सगळ्यायले दाखवला. एक शेतकरी साहेबाले म्हणाला, "साहेब, मंग आमचं धान तुमच्या कोण्या हाकेत गेलं?"

साहेब मले बाजूले घेऊन गेला. म्हणाला, "ठीक आहे, सेटिंग मी बदललं होतं. पण वंदना, ती गेली. तिला आता काय फरक पडतो? माझं नाव अहवालात गेलं तर काम जाईल, तुमची नोकरीही जाईल. आणि ती निष्काळजी नव्हती असं कुठं आहे? तापाचं तर खरंच आहे ना?" परत ताप. मी म्हटलं, तुमचा अहवाल बदला. तो म्हणाला, पाहू. मी म्हटलं, पाहू नाई, बदला.  मी त्या माणसापरीस तुह्यावर जास्त चिडली तेव्हा. म्हटलं, बाई, मरता मरता तू त्याले बोलाले जागा ठेवून गेली.

साहेबाची जीप निघून गेली. मी सोनाबाईच्या पडवीत बसली. तिनं चहा दिला, काळा, गुळाचा. मी घोट घेतला अन् बोलत सुटली. म्हटलं, कसली वं तुही लाडकी. यंत्राले तीन-तीन हाका शिकवल्या अन् स्वतःले एक आईकू आली नाई. एवढं ओरडून सांगितलं, बोटाले सुई टोचून घेतली असती तं काय झिजली असती?

सोनाबाई माह्या तोंडाकडं पाहत राह्यली. म्हणाली, "कोणं नाई टोचलं?"

मी म्हटलं, नसीमनं.

"टोचलं ना वं," सोनाबाई म्हणाली. "तुहा फोन ठेवला अन् दुकानातून तशीच मलेरियावाल्याच्या मांगं गेली. तो सायकलवर निघालाच होता, तिनं हाका मारून थांबवला. याच ओट्यावर बसून बोट दिलं. त्यानं रक्ताची काच भरली, कडू गोळ्या देल्या, माह्यासमोर गिळल्या तिनं. मी म्हटलं, कायले इतकी घाई करतं, थोडासा तं ताप हाय. तं म्हणे, वंदी ओरडली सोनाबाई, ती आता चंद्रपुरावरून येईन मले माराले."

माह्या हातातला कप कोणी घेतला ते मले ठावकं नाई.

सोनाबाई सांगतच होती. मलेरियावाल्यानं काच त्याच दिवशी वरच्या दवाखान्यात नेऊन दिली. तिथी काचा पाहणारा माणूस सुट्टीवर. काच पडून राह्यली. तू घडोघडी इचारायची, "माही काच आली का?" गोळ्यायनं ताप उतरत नव्हता, तं म्हणे काच येऊ दे, मंग बरोबर औषध भेटन. "आता येईन, आता येईन, करत होती बिचारी," सोनाबाई म्हणाली. अन् तुह्या मातीनंतर, पोळ्याच्या थोडं आधी, मलेरियावाला सायकल पाळीवर टाकून धावत आला. हातात गोळ्यायची पुडी. दारातूनच म्हणाला, "ती चष्मेवाली ताई कुठी आहे? तिची काच निघाली. मोठावाला मलेरिया आहे, गोळ्या आजच सुरू करा लागन." सोनाबाईनं त्याले काय सांगितलं ते तिनं मले सांगितलं नाई. म्हणाली, "तो लेकरू ओट्यावर बसून रडला वं, माह्या पोराएवढा." बस.

मले सांग नसीम, तू मले काऊन नाई कळवलं? एक फोन करून म्हणाली असती, वंदी, देलं बोट, तं तुह्या बापाचं काय गेलं असतं? तुह्या मनात असन, मी आल्यावर सांगू, चेहरा पाहू तिचा. मले माहीत आहे तुहं. माहा रागही खोटा ठरवून गेली, अन् मी चाळीस दिवस तुह्या कबरीवर शिव्या वाहिल्या. आता त्या वापस कशा घेऊ? नाई घेत. राहू दे तुह्यापाशी. हसत बस.

आज सकाळी गाडी पकडून चंद्रपूरले आली अन् सरळ तुह्या घरी गेली. अब्बा दुकानावर गेले होते. अम्मी ओट्यावर मेथी निवडत होती. मी बसलीही नाई, उभ्या उभ्याच सांगितलं. म्हटलं, अम्मी, तिनं आईकलं होतं. त्याच दिवशी बोट देलं होतं. काच पडून राह्यली दवाखान्यात. ती बेपर्वा नव्हती. मले वाटलं, अम्मी रडन. मी तिले धराले हात पुढं केले.

अम्मी रडली नाई. मेथीची काडी हातात तशीच. माह्याकडं वर पाह्यलं, तिच्या डोळ्यात इतके दिवस होता तो राग एकदम रिकामा झाल्यासारखा. म्हणाली, "तो अब मैं किस पे गुस्सा करूँ, वंदी?"

मी तिच्या मांडीवरची परात बाजूले ठेवली. म्हटलं, "चप्पल घाला, अम्मी. आमच्या साहेबाचं ऑफिस पाच वाजेपर्यंत उघडं असते."